बोली कोणाची आणि पंटर कोणाचा?

सदर : जरा जपून!

दोस्तांनो, गणपती उठायच्या सुमारास मंडळाच्या मांडवात नारळाचा लिलाव होतो, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळणारा साधा नारळ. पण तो बाप्पापुढचा ना! कोणीतरी शंभर म्हणतं. मागून आवाज येतो, "दोनशे!" मग पाचशे, मग हजार. माईकवाले काका "एक वार... दोन वाऽर..." असं लांबवत राहतात आणि "तीन वार" म्हणायच्या आत आणखी एक हात वर जातो. नारळ तोच असतो. त्यात पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो. वाढलेली असते ती चुरस!

मांडवात त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. पैसे मंडळाच्या कामाला जाणार हे माहीत असतं. शिवाय तिथे बोली लावणारा समोर दिसतो. पाचशे म्हणणारे किराणा दुकानाचे मालक, हजार म्हणणारे कोपऱ्यावरचे डॉक्टर. अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेली माणसं.

आता असा मांडव डोळ्यांपुढे आणा, जिथे मिट्ट काळोख आहे. आवाज येताहेत, आकडे वाढताहेत, पण बोलतंय कोण ते दिसत नाही. माईकवाला दिसत नाही. नारळसुद्धा दिसत नाही, फक्त त्याचा फोटो दिसतो! इंटरनेटवरचा लिलाव म्हणजे हा काळोखातला मांडव.

या आठवड्यात हा विषय घ्यायचं कारण म्हणजे आठवीतल्या एका दोस्ताचं पत्र. तो लिहितो, "आजोबांच्या डब्यात वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं सापडलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, त्यात असं नाणं लाखो रुपयांना जातं असं सांगितलंय. खाली दिलेल्या नंबरवर मी मेसेज केला. त्यांनी नाण्याचा फोटो मागितला आणि साडेचार लाख देऊ म्हणाले. आता नोंदणीचे ११५० रुपये भरायला सांगताहेत. आईबाबांना अजून सांगितलं नाही, त्यांना सरप्राइज द्यायचं आहे. भरू का?"

अरे बाबा, एक पैसाही भरू नकोस! हे उत्तर त्याला त्याच दिवशी पत्राने कळवलं आहे. पण का भरायचे नाहीत हे कळलं नाही, तर उद्या नाण्याऐवजी क्रिकेटची बॅट असेल, सायकल असेल, जुना मोबाईल असेल आणि पुन्हा तोच प्रश्न येईल. म्हणून जरा मुळापासून बघू.

१९९५ सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पिएर ओमिद्यार नावाच्या प्रोग्रॅमरने आपल्या वेबसाइटवर लिलावाचं एक पान सुरू केलं. नाव दिलं ऑक्शनवेब. त्यावर सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंमध्ये होता एक मोडका लेझर पॉइंटर. फळ्यावर लाल ठिपका पाडतो ना, तोच. तो गेला १४ डॉलर ८३ सेंट्सना! ओमिद्यारला वाटलं, घेणाऱ्याचा काही गैरसमज झाला असणार. त्याने मुद्दाम विचारलं, "अहो, तो मोडलेला आहे, माहीत आहे ना?" उत्तर आलं, "माहीत आहे. मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो." जगात कोणाला काय हवं असेल, सांगता येत नाही. हेच ऑक्शनवेब पुढे ईबे या नावाने जगभर पसरलं.

त्यात दोन युक्त्या होत्या आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली बोलीची. दिवसभर कॉम्प्युटरपुढे कोण बसणार? म्हणून तुम्ही तुमची कमाल रक्कम एकदाच सांगून ठेवायची. समजा ८०० रुपये. ती दुसऱ्या कोणाला दिसत नाही. बाकीच्यांमधली सगळ्यात मोठी कमाल रक्कम ४५० असेल, तर साइट तुमच्या वतीने त्याच्या एकच पायरी वर जाते, म्हणजे पायरी १० रुपयांची असेल तर ४६०. तुमचे ८०० कापले जात नाहीत. मोठी छान सोय! पण तिची दुसरी बाजूही बघा. तुमची किंमत तुम्ही ठरवत नाही, तुमच्या खालचा माणूस ठरवतो. तो खरा असेल तर ठीक. तोच खोटा असला तर?

दुसरी युक्ती शेऱ्यांची. १९९६ च्या सुरुवातीपासून घेणाऱ्याने विकणाऱ्याबद्दल आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याबद्दल चांगला-वाईट शेरा लिहायची सोय झाली. प्रगतिपुस्तकच म्हणा ना! अनोळखी माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवायचा तर काहीतरी आधार हवा. आज प्रत्येक अ‍ॅपवर तारे देतात, ती याच घराण्यातली मंडळी.

आता एक खरीखुरी गोष्ट सांगतो. एखाद्या रहस्यकथेत शोभावी अशी आहे.

मे २०००. ईबेवर एक चित्र लिलावाला आलं. मोठं, रंगांचे पट्टे असलेलं, कशाचं आहे ते कळू नये असं. सुरुवातीची बोली फक्त २५ सेंट्स. विकणाऱ्याने लिहिलं होतं की हे आपण बर्कलीला कोणाच्या तरी घरच्या जुन्यापान्या सामानाच्या विक्रीत घेतलं, बायको ते घरात लावू देत नाही, आणि पोराने खेळण्यातल्या गाडीने त्याला एक भोकही पाडलंय. वाचणाऱ्याला वाटावं, बिच्चारा! याला चित्रातलं काही कळत नाही. फोटोत मात्र एका कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसत होती : आर. डी. ५२.

जाणकारांचे डोळे चमकले. रिचर्ड डीबेनकॉर्न! हा कॅलिफोर्नियाचा नामवंत चित्रकार १९९३ मध्ये वारला. त्याची चित्रं लाखो डॉलरना जातात. म्हणजे या भोळ्या माणसाच्या हाती घबाड लागलंय आणि त्याला पत्ताच नाही! बोली चढू लागली. शंभर, हजार, दहा हजार... शेवटी नेदरलँड्समधल्या एका माणसाची बोली सगळ्यात वर राहिली. किती? १,३५,८०५ डॉलर! त्या वेळच्या भावाने साठ लाख रुपयांच्या आसपास.

एवढा मोठा आकडा म्हटल्यावर वर्तमानपत्रांत बातमी झाली. मग लोकांनी जुन्या बोल्या उकरून काढल्या आणि बिंग फुटलं. विकणाऱ्याने दुसऱ्याच नावाने आपल्याच चित्रावर बोली लावली होती. ईबेने सौदा रद्द केला. सरकारी तपासात आणखी बाहेर आलं. हा 'भोळा' माणूस म्हणजे केनेथ वॉल्टन नावाचा चांगला शिकलेला वकील होता. त्याला ना बायको होती ना पोर! ती आर. डी. ५२ ही अक्षरं त्यानेच रंगवली होती. त्याच्यासोबत आणखी दोघे होते. तिघांनी मिळून चाळीसहून जास्त खोटी नावं घेतली होती आणि शेकडो लिलावांत एकमेकांच्या वस्तूंवर बोल्या चढवल्या होत्या. वॉल्टनने गुन्हा कबूल केला, त्याची वकिली गेली. एक साथीदार पळाला, पण पुढे सापडला आणि तुरुंगात गेला.

गंमत बघा. वॉल्टनने "हे डीबेनकॉर्नचं चित्र आहे" असं कुठेही लिहिलं नव्हतं. एका शब्दानेही नाही. त्याने फक्त दोन गोष्टी मांडल्या : एक अडाणी विकणारा आणि एक वाढती गर्दी. बाकीचं काम लोकांच्या डोक्याने आपणहून केलं. 'याला कळत नाही, मला कळतं, बाकीच्यांच्या आधी मी उचलतो.' फसवणारा आपल्याला मूर्ख समजतो म्हणून आपण फसतो, असं पुष्कळांना वाटतं. इथे उलटंच आहे. त्याने आपल्याला हुशार समजू दिलं!

चाळीस नावांच्या मागे लपलेल्या या तिघांना आपल्याकडे सुरेख शब्द आहे : पंटर. रस्त्यावर तीन पत्त्यांचा खेळ मांडलेला असतो, त्यात एकजण सारखा जिंकत असतो, तो पंटर. फुटपाथवरच्या "शंभरचा माल पन्नासला" वाल्यापुढे घाईघाईने चार वस्तू उचलणारा, तोही बऱ्याचदा पंटरच. तो गिऱ्हाईक नसतोच, तो दुकानदाराचा माणूस असतो. त्याचं काम एकच. आपल्याला वाटलं पाहिजे की ही वस्तू दुसऱ्यांनाही हवी आहे.

इंटरनेटवर पंटर ओळखता येतो का? कधी कधी येतो. त्या नावाने आधी काही घेतलंय का ते बघा. कालच उगवलेलं नाव, एकाच विकणाऱ्याच्या वस्तूंवर बोली, आणि जिंकत कधीच नाही, असं दिसलं की दाल में काला है! विकणाऱ्याचं प्रगतिपुस्तक वाचतानाही नुसते तारे मोजू नका, ते कशाबद्दल मिळालेत ते वाचा. दहा-दहा रुपयांची खोडरबरं विकून शंभर चांगले शेरे जमवायचे आणि एकशे एकाव्या वेळी महागडा कॅमेरा काढायचा, हा जुना डाव आहे.

पण खरं सांगू? पक्का पंटर ओळखता येत नाही. म्हणून त्याला ओळखण्यापेक्षा त्याला निकामी करणं सोपं. लिलाव उघडण्याआधी कागदावर आकडा लिहायचा : ही वस्तू मला जास्तीत जास्त इतक्याला हवी. त्यात टपालखर्च किंवा कुरिअरचा खर्च धरायचा. काहीजण वस्तू स्वस्त दाखवतात आणि पाठवणावळीतून वसूल करतात. कागद समोर ठेवायचा आणि आकडा त्याच्या वर गेला की उठून जेवायला जायचं. पंटरच्या हातात काहीच उरत नाही, कारण त्याचा सगळा धंदा तुम्ही तो कागद फाडण्यावर चालतो.

आता समजा पंटरने जरा जास्तच ताणलं आणि तुम्ही थांबलात. मग लिलाव तोच जिंकला! वस्तू विकणाऱ्याकडेच राहिली. अशा वेळी दुसऱ्या दिवशी हरलेल्याला गोड निरोप येतो : "जिंकणाऱ्याने माघार घेतली. तुमची बोली दुसरी होती. तुमच्या भावात वस्तू तुम्हाला देतो, मात्र साइटबाहेर, थेट माझ्या खात्यात पैसे पाठवा." कधी कधी हा निरोप विकणारा पाठवतच नाही. लिलाव बघत बसलेला तिसराच कोणी भामटा हरलेल्यांना गाठतो आणि त्याच्याकडे वस्तू नसतेच. या दोन्हींत ओळखायची खूण एकच आहे, 'साइटबाहेर'. लिलावाच्या साइटवर पैसे भरले तर तक्रार करायला जागा असते, नोंद असते, काही वेळा पैसे परतही मिळतात. बाहेर एकदा दिले की तुम्ही आणि तो काळोख! तुम्हाला मांडवाबाहेर अंधारात बोलावून कोणी "नारळ तिकडे देतो" म्हणालं, तर जाल का?

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, हे अमेरिकेतलं झालं, आपल्याकडे काय? आपल्याकडेही होतं. २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम नावाची लिलावाची साइट निघाली. २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली, तिचं ईबे इंडिया झालं. २०१७ मध्ये ते दुकान फ्लिपकार्टकडे गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. तुमच्या एखाद्या मामाने किंवा आत्याने तिथून पोस्टाची तिकिटं नाहीतर जुनी कॉमिक्स घेतली असतील, विचारून बघा. आता लिलाव होतात ते बहुतेक नाणी-तिकिटं जमवणाऱ्यांच्या फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांत, किंवा नाण्यांचे लिलाव करणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांकडे. बाकी जुनी सायकल, गिटार, पुस्तकं वगैरे जातात खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर. तिथे 'तीन वार' म्हणणारं कोणी नसतं, दोघांनी आपापसात घासाघीस करायची. काळोख मात्र तोच.

आता आपल्या पत्रलेखकाच्या नाण्याकडे येऊ. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी सरकारने काढली होती, त्यावर २०१२ हे साल आहे. तशी नाणी पुष्कळ निघाली. वापरलेलं नाणं दुकानात दिलंत तर पाच रुपयांची वस्तू मिळेल. चकचकीत न वापरलेलं असेल तर नाणी जमवणारा थोडे जास्त देईल. लाख? शक्यच नाही. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेचंही तसंच. अशा व्हिडिओंतून इतक्या जणांना गंडवलं गेलं, की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना काढावी लागली : जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीचे खोटे देकार देऊन, आमचं नाव आणि चिन्ह वापरून, लोकांकडून शुल्क, कमिशन नाहीतर कर मागितला जातोय, आम्ही असल्या व्यवहारांत नाही, आणि आमच्या नावाने असं शुल्क घ्यायला कोणालाही नेमलेलं नाही.

या डावाची घडण बघण्यासारखी आहे. नेहमीच्या सौद्यात घेणारा पैसे देतो. इथे विकणाऱ्यालाच आधी पैसे द्यायला लावतात! ११५० नोंदणीचे. ते भरले की ५ हजार जीएसटीचे. मग वाहतुकीचे, मग विम्याचे. प्रत्येक वेळी वाटतं की एवढे भरलेच आहेत, आता थोड्यासाठी साडेचार लाख कशाला सोडायचे? नारळाच्या लिलावातली ती चुरस आठवते? इथे ती स्वतःशीच लागते. आपणच आपल्यावर बोली चढवत जातो. म्हणून नियम सोपा ठेवा. वस्तू आपली असेल तर पैसे आपल्याकडे यायला हवेत. दिशा उलटी दिसली की तिथेच थांबायचं.

डब्यात अजून एखादं नाणं सापडेल, ज्यावर राम-सीता-हनुमान आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असं कोरलेलं आहे. ते तर नाणंच नव्हे! कंपनीने तसं नाणं कधी पाडलेलं नाही. देवळाबाहेर मिळणारी ती टोकनं आहेत, नंतर बनवलेली. पूजेत ठेवायला काहीच हरकत नाही. पण त्यावरून मोठमोठ्या माणसांना फसवलं गेलंय. काही भामटे तर "हे नाणं तांदूळ ओढून घेतं, म्हणून याला परदेशात कोटींचा भाव आहे" असं सांगतात. तांदूळ! शाळेतल्या लोहचुंबकाने कधी तांदळाचा दाणा उचललाय का?

आणि जर डब्यातलं नाणं खरंच जुनं, शंभर वर्षांहून जुनं निघालं, तर? मग एक कायदा माहीत हवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे अशी वस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या कोणी कितीही मोठी बोली लावली तरी पाकिटात घालून पोस्टात टाकायची नाही. भाव जाणून घ्यायचा असेल तर नाणी जमवणाऱ्यांची मंडळं मोठ्या शहरांत असतात, त्यांची प्रदर्शनं भरतात. आजोबांना घेऊन जा. ते घासूनपुसून चकचकीत मात्र करू नका, जुन्या नाण्याची किंमत त्याने उतरते.

विकण्याचा आणखी एक डाव तुम्हाला ठाऊक असलाच पाहिजे, कारण तो सायकल-गिटार विकणाऱ्या पोरांवरच फार चालतो. जाहिरात टाकून दहा मिनिटं होत नाहीत तोवर फोन येतो. माणूस म्हणतो, मी सैन्यात आहे, माझी बदली झालीय, येऊन बघायला वेळ नाही, माझा माणूस सायकल घेऊन जाईल. भाव करत नाही. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. (तो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. खऱ्या जवानांचं नाव असल्या कामाला वापरतात, याचा राग येतो.) मग तो एक क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, "हा स्कॅन कर, पिन टाक, पैसे तुझ्या खात्यात येतील."

नाही येणार, जातील! यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे पाठवताना आणि आपली शिल्लक बघताना. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. दुकानात बघा ना, क्यूआर कोणाचा लावलेला असतो? पैसे घेणाऱ्याचा. स्कॅन कोण करतं? पैसे देणारा. पूर्वी हीच चलाखी पैशांची 'रिक्वेस्ट' पाठवून करत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला तशी मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआरची चलाखी मात्र चालूच आहे.

त्याचाच भाऊ म्हणजे खोटा मेसेज. सायकल दीड हजाराची. मेसेज येतो, 'तुमच्या खात्यात १५,००० जमा'. लगेच फोन, आवाज रडवेला : "ताई, चुकून एक शून्य जास्त पडलं, आई दवाखान्यात आहे, साडेतेरा हजार परत पाठवा ना!" तो मेसेज बँकेचा नसतोच, त्याने आपल्या फोनवरून टाइप केलेला असतो. खात्यात काय आलं ते मेसेजमध्ये बघायचं नसतं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात बघायचं. आणि इथेही तेच, घाई! लिलावाचं घड्याळ, बदली झालेला जवान, दवाखान्यातली आई. प्रत्येक वेळी तुम्हाला विचार करायला दोन मिनिटंसुद्धा मिळू नयेत अशी व्यवस्था असते. वस्तू घेताना म्हणूनच मुद्दाम एखादं काम सांगून बघा : "आजच्या वर्तमानपत्रासोबत सायकलचा फोटो काढून पाठवा." खरा मालक हसून पाठवेल. भामटा चिडेल.

आता मोठ्यांना सांगण्याबद्दल. आपल्या देशात १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत तुम्ही केलेला करार कायद्याच्या नजरेत करारच नसतो. १८७२ च्या करार कायद्यातली ही तरतूद तुमच्याच रक्षणासाठी आहे. म्हणून घरातल्या मोठ्यांच्या नावावर, त्यांना शेजारी बसवून सौदा करायचा. वस्तू द्यायला-घ्यायला जाताना एकट्याने जायचं नाही आणि कोणाला घराचा पत्ता द्यायचा नाही. दिवसाउजेडी, गजबजलेल्या जागी, कोणीतरी मोठं सोबत घेऊन. याबाबतीत कोणी तुम्हाला भित्रं म्हटलं तर खुशाल म्हणू दे.

पत्रातलं "त्यांना सरप्राइज द्यायचं आहे" हे वाक्य मला त्या ११५० रुपयांपेक्षा जास्त खुपलं. भामट्याला नेमकं हेच हवं असतं. 'एवढ्यात कोणाला सांगू नकोस, भाव पडेल' असं काहीजण उघडच सांगतात. आणि पैसे गेल्यावर पोरं शरमेने गप्प बसतात, दोन-दोन दिवस जेवत नाहीत, गेलेले पैसे भरून काढायला आणखी कुठेतरी फसतात. ते दोन दिवस फार महागात पडतात. पैसे गेल्यावर पहिल्या तास-दोन तासांत १९३० या क्रमांकावर फोन केला, तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवरही तक्रार करता येते. त्यासाठी मेसेज, फोन नंबर, व्यवहाराचा क्रमांक, काहीही पुसू नका. राग आला म्हणून गप्पा डिलीट करून टाकतात, तेच तर पुरावे असतात! आईबाबा रागावतील का? रागावतील थोडे. पण १९३० ला फोन तेच लावतील.

आईबाबांनो, तुम्हीही हे पान चोरून वाचता हे आम्हाला माहीत आहे! तेव्हा पोराने येऊन सांगितलं तर "तुला अक्कल नाही का" हे वाक्य फोन झाल्यानंतरसाठी राखून ठेवा.

आपल्या पत्रलेखकाने पैसे भरले नाहीत. परवा त्याचं दुसरं पत्र आलं. तो नंबर ब्लॉक केल्यावर दुसऱ्या नंबरवरून फोन आला, की पैसे भरले नाहीत तर पोलिस येतील! म्हणून शेवटी त्याने बाबांना सांगितलं. बाबांनी फोन घेऊन विचारलं, "कुठल्या ठाण्याचे?" फोन कट. नाणं सध्या आजोबांच्या डब्यातच आहे आणि नातू आता त्यांच्याबरोबर बसून डब्यातल्या बाकीच्या नाण्यांची सालं वहीत उतरवून काढतोय.

आता या आठवड्याचं कोडं. एका जुन्या कॅरमबोर्डचा लिलाव आहे. सुरुवात १०० रुपयांपासून, पायरी १० रुपयांची. तिघांनी आपापली कमाल रक्कम सांगून ठेवली : पहिल्याने ५००, दुसरीने ७२०, तिसऱ्याने ६५०.

१) कॅरम कोणाला आणि किती रुपयांना मिळेल?
२) विकणाऱ्याने ७०० रुपयांचा एक पंटर घुसवला, तर जिंकणाऱ्याच्या खिशातून किती रुपये जास्त जातील?
३) पंटरला हाव सुटली आणि त्याने ७५० लावले. आता कॅरम कोणाकडे राहील आणि दुसऱ्या दिवशी कोणाला, कसला गोड निरोप येईल?

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. सोबत वय आणि इयत्ता लिहा. पण फोन नंबर लिहू नका हं!